पाणी सगळ्यांचं, तळ कुणाचा?

मागच्या एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी मी एका बापाला आणि त्याच्या लेकीला नदीतून हाकललं. शिव्या दिल्या नाहीत, आवाजही फार चढवला नाही. काठावर उभा राहून, हात वर करून एवढंच म्हणालो की इथं खाली पाय टेकवू नका, ही प्रायव्हेट जागा आहे. त्यांची रबरी बोट गोट्यांच्या उंचवट्यावर अडकली होती. मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल. बोट ढकलायला तिनं एक पाय पाण्यात टाकला होता, तो चटका बसल्यासारखा परत घेतला. बापानं माझ्याकडं बघितलं, ‘सॉरी’ म्हणाला आणि वल्ह्यानं रेटत रेटत बोट पुढं काढली.

नदी माझी नव्हती. मी कराडचा, कृष्णा-कोयनेच्या संगमावर पोहायला शिकलेला. पुण्यात इंजिनिअरिंग, तिथंच पहिली नोकरी, आणि मग कंपनीनं उचलून अमेरिकेत डेन्व्हरला आणून ठेवलेला. व्हिसावर आहे. या देशात माझी स्वतःची म्हणावी अशी एक जुनी गाडी आणि एक फिशिंग रॉड. तरी त्या सकाळी मी एका माणसाला त्याच्याच राज्यातल्या नदीत पाय ठेवू नको असं सांगितलं, आणि त्यानं ऐकलं. मी का बोललो आणि त्यानं का ऐकलं, याबद्दल हा लेख आहे. काही जणांना तो झोंबेल. झोंबावा अशीच इच्छा आहे, कारण त्या सकाळपर्यंत मीही त्यांच्यातलाच होतो.

बर्फ उतरतं तेव्हा

आधी खेळ समजून घ्या, नाहीतर भांडण कळणार नाही.

आपल्याकडं गळ म्हटलं की गांडूळ किंवा पिठाची गोळी आठवते. फ्लाय फिशिंगमध्ये हुकावर दोरा, पिसं आणि केस गुंडाळून खोटा किडा बनवतात. तो म्हणजे फ्लाय. त्याला वजन जवळजवळ नसतं, म्हणून वजन दोरीत असतं. ती जाड दोरी हवेत मागं-पुढं फिरवून किडा पाण्यावर अलगद ठेवायचा. समोर ट्राउट असतो, आणि तो काही बावळट नसतो. त्या आठवड्यात त्या नदीत खरे किडे कोणते निघताहेत हे तुम्हाला ठाऊक पाहिजे. त्यासाठी पाण्यातला दगड उलटून बघायचा. दगडाच्या पोटाला वाळूचे कण जोडून केलेली इवलीशी नळी दिसली तर ते कॅडिसच्या अळीचं घर. पाणी साधारण बारा अंशांच्या आसपास पोचलं की कॅडिस थव्यांनी पाण्याबाहेर येतात आणि ट्राउट वेड्यासारखे खायला लागतात. कोलोरॅडोतली आर्कन्सॉ नदी यासाठी प्रसिद्ध आहे. एप्रिलचा शेवट, मेची सुरुवात. सलायडा गावाच्या आसपास गाडी लावायला जागा मिळत नाही.

आणि नेमकं याच सुमारास वरचं बर्फ उतरायला लागतं. इथं त्याला रनऑफ म्हणतात. आर्कन्सॉ उगम पावते लेडव्हिलजवळ, तीन हजार मीटरच्याही वर, आणि तिच्या दोन्ही बाजूंना चार हजार मीटरचे डोंगर. हिवाळाभर साठलेलं सगळं बर्फ दोन-तीन महिन्यांत याच एका वाटेनं खाली येतं. नदीवर सरकारी मापकं बसवली आहेत आणि दर पंधरा मिनिटांनी प्रवाहाचा आकडा नेटवर येतो. एकक म्हणजे आपलाच क्युसेक. खडकवासल्यातून किती क्युसेक सोडले हे पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर वाचणाऱ्या पुणेकराला हे वेगळं समजवायला नको. एप्रिलमध्ये तीन-चारशे, पाचशे क्युसेक वाहणारी नदी चांगल्या बर्फाच्या वर्षी जूनमध्ये दोन-तीन हजारांवर जाते.

ऑफिसात मी दिवसभर सर्व्हरचे आलेख बघतो. एप्रिलपासून शेजारच्या टॅबमध्ये नदीचा आलेख उघडा असतो. रनऑफ सुरू झाल्याचं त्यात लगेच कळतं. सपाट रेषेला करवतीचे दात फुटतात. दुपारच्या उन्हात वर बर्फ वितळतं, ते पाणी रात्रभर खाली उतरतं, सकाळी नदी फुगलेली, संध्याकाळी पुन्हा थोडी ओसरलेली. रोज एक दात, आणि प्रत्येक दात आदल्या दिवसापेक्षा थोडा उंच. पाणी आधी हिरवट होतं, मग दुधाच्या चहासारखं.

ज्याला नदी वाचता येत नाही तो या दिवसांत घरी बसतो. खरं तर हे शिकण्याचे दिवस. मधल्या धारेत इतका जोर असतो की माशाला तिथं टिकून राहणं परवडत नाही. तो काठाला येतो. दगडामागची शांत जागा, झुडपांच्या मुळांखालचा खळगा, काठापासून हात-दीड हातावरची संथ पट्टी, इथं मासे दाटीनं थांबतात. मोठा, गडद फ्लाय घ्यायचा आणि काठाला चिकटून टाकायचा. पाणी वाढलं की मासे काठाला येतात आणि त्यांच्यामागून माणसंही.

काठ हा शब्द लक्षात ठेवा. सगळं भांडण काठाचं आहे.

दादा आणि पाच जणांचा वाटा

डेन्व्हरला आल्यावर मला सावरलं ते मराठी मंडळातल्या एका दादांनी. चाळिशी ओलांडलेले, मोठ्या कंपनीत मोठ्या पदावर. माझा पहिला रॉड त्यांचाच, वापरून झालेला. सलायडाच्या गर्दीत दोन वर्षं आम्ही एकत्र मासे धरले, म्हणजे धरले आणि सोडले. मग एका दिवाळीत ते म्हणाले, ‘‘अरे, नदीचा एक प्रायव्हेट पट्टा मिळतोय. क्लब आहे. आपण पाच जण मिळून वाटा घेऊ.’’

‘‘दादा, सलायडाला काय वाईट आहे?’’

‘‘खांद्याला खांदा लावून मासे धरायला आलास का एवढ्या लांब? ते लोकलमध्ये करून झालंय आपलं.’’

मी हसलो आणि पैसे भरले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. गेटला कोड होता. तो दाबला की पलीकडं मैलभर नदी आणि आम्ही पाचच जण. मासे मोठे होते, कारण त्यांच्यावर वर्षभरात मोजकेच लोक गळ टाकत. कुणी मागं उभं नाही, कुणी आपल्या जागेवर डोळा ठेवून नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला रांग नव्हती. आपल्यासारख्यांना ही नशा किती चढते, ते तुम्हालाही ठाऊक असेल.

क्लबच्या नियमांत एक ओळ होती: बोटीतून जाणारे बाहेरचे लोक तळाला पाय लावताना दिसले तर सदस्यांनी त्यांना सूचना द्यावी. मी त्याखाली सही केली होती. त्या शनिवारी ती सही माझ्या तोंडून बोलली.

तीन मजली मालकी

परतताना गाडीत मी दादांना विचारलं की तो माणूस एवढ्यात का गप्प बसला. ते म्हणाले, ‘‘कायदा आपल्या बाजूनं आहे.’’ घरी जाऊन मी कायदा वाचला. दादा बरोबर होते. मला लाज वाटायला लागली ती तिथून.

कोलोरॅडोची राज्यघटना १८७६ ची. तिच्यात लिहिलंय की राज्यातल्या प्रत्येक नैसर्गिक प्रवाहाचं पाणी ही जनतेची मालमत्ता आहे. पाण्यातला मासा राज्याचा, आणि तो धरायला मी राज्याला लायसन्सचे पैसे देतो. पण पाण्याखालचे गोटे काठावरच्या जमीनमालकाचे. पाणी लोकांचं, मासा लोकांचा आणि गोटा एकट्याचा. १९७६ साली कोलोरॅडो नदीत राफ्टमधून जाणाऱ्यांवर अतिक्रमणाचा खटला झाला. १९७९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना दोषी ठरवणं योग्य मानलं. त्यानंतरची व्यवहारातली समजूत अशी की तरंगत गेलात तर तुमच्यावर फौजदारी गुन्हा नाही, पाय टेकला तर मात्र अतिक्रमण.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. वेडगळ परवानग्या मी रोज बघतो. पण वाहत्या पाण्यावर हक्क द्यायचा आणि ते पाणी ज्यावरून वाहतं त्याला स्पर्श करायला बंदी घालायची, अशी रचना कुणी माझ्याकडं मंजुरीला पाठवली असती तर मी ती परत पाठवली असती.

आता रनऑफ पुन्हा आठवा. नदी कमी असताना मधल्या उथळ जागेत बोट अडकते आणि पाय टेकवावा लागतो. नदी चढली की ती तुम्हाला काठावर ढकलते आणि पाय टेकवावा लागतो. बोट उलटली तर जीव वाचवायला माणूस काठच धरतो. ‘तरंगा, पण टेकू नका’ हा नियम ज्यांनी कधी चढत्या नदीत पाय घातलेला नाही अशांनाच सुचू शकतो.

याच आर्कन्सॉवर एका वयस्क मासेमारानं खटला लढवला. त्याला नदीतून हुसकावलं गेलं होतं. त्याचं म्हणणं साधं होतं. १८७६ साली, कोलोरॅडो राज्य झालं तेव्हा, ही नदी व्यापारी वाहतुकीची होती हे सिद्ध झालं तर अमेरिकी कायद्यानुसार तिचा तळ राज्याचा, म्हणजे लोकांचा ठरतो. मला ते सिद्ध करू द्या. जून २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याला सांगितलं की हा दावा करायचा अधिकारच तुम्हाला नाही. तळ राज्याचा असेल तर तो राज्यानं मागावा. आणि राज्य? राज्याचे वकील त्या मासेमाराच्या विरोधात उभे होते. नदीचा तळ कुणाचा, या प्रश्नाचं उत्तर चुकीचं मिळालं असतं तर निदान भांडता आलं असतं. इथं प्रश्न विचारायलाच मनाई झाली.

पूररेषेनं दिलेला हक्क

हे असंच असतं, असं कुणी म्हणेल. नसतं. कोलोरॅडोच्या उत्तरेला वायोमिंग, आणि त्याच्या पलीकडं मोंटाना. तिथंही हेच डोंगर, हेच बर्फ, हेच ट्राउट, तसेच मोठमोठे रँच. १९८४ साली मोंटानाच्या सर्वोच्च न्यायालयानं डिअरबॉर्न आणि बीव्हरहेड या दोन नद्यांच्या खटल्यांत निकाल दिला की ज्या पाण्यावर लोकांना तरंगता, मासे धरता येतात ते पाणी त्यांना वापरता येईल, तळ कुणाचाही असो. १९८५ साली विधिमंडळानं त्याचा कायदा केला. हक्काची सीमा ठरली नेहमीच्या भरतीची रेषा. पाणी पुरेसा काळ येऊन राहतं म्हणून जिथपर्यंत जमिनीवरची झाडं-गवत टिकत नाही, तिथपर्यंत. त्या रेषेच्या आत चाला, उभे राहा, मासे धरा. वाटेत कुंपण आडवं आलं तर ते ओलांडण्यापुरतं रेषेबाहेरही पाऊल टाका. त्या रेषेपलीकडची जमीन मालकाची आहे, तिथं शिरू नका.

म्हणजे मोंटानात ही रेषा मुख्यतः रनऑफ आखतो. मे-जूनचं पाणी दरवर्षी येतं, गोटे धुतं, झुडपं मागं सारतं आणि सांगून जातं की इथपर्यंत नदी. जूनमधली फुगलेली नदी जेवढी रुंद, साधारण तेवढाच लोकांचा हक्क, अगदी ऑगस्टमध्ये पाणी आटून मधल्या दोऱ्याएवढं झालं तरी. हे वाचलं तेव्हा मला आपली पूररेषा आठवली. आपल्याकडं नदीकाठी निळी रेषा असते आणि लाल रेषा असते. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिचं काम बांधकाम रोखणं. ती ‘इथं बांधू नका’ सांगते, आणि मोंटानाची रेषा ‘इथं या’ म्हणते. दोन्हींमागची अक्कल एकच आहे: नदी किती मोठी ते नदीला विचारा, सातबाऱ्याला नको.

मोंटानात आभाळ कोसळलं नाही. रँच तिथंच आहेत, मासेही आहेत. २०१४ साली रूबी नदीवरच्या पुलाजवळून उतरण्याच्या हक्कावरून मोठा खटला झाला, तेव्हाही न्यायालय लोकांच्याच बाजूनं राहिलं. कोलोरॅडोच्या दक्षिणेला, न्यू मेक्सिकोत, २०२२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की खाजगी जमिनीतून जाणाऱ्या नदीच्या तळावरून चालायचा लोकांना हक्क आहे. दोघांच्या मधला कोलोरॅडो, स्वतःला मोकळ्या आभाळाचं राज्य समजणारा, नदीला कोड लावून बसलाय.

दादांचे मुद्दे

दादा हुशार आहेत. त्यांचे मुद्दे हवेत उडवण्यासारखे नाहीत, म्हणून एकेक घेतो.

पहिला: उद्या कुणी घसरून पाय मोडून घेतला तर मालकावर केस होईल. मोंटानाच्या कायद्यानं हे बघितलं आणि मालकाची जबाबदारी मर्यादित केली. कायद्यात चार ओळी वाढवून प्रश्न सुटतो.

दुसरा: मालकानं जमीन विकत घेतली, त्यात तळ आला, आता तो काढून घेणं अन्याय. बरं, मालकीचा कागद किती जुना ते बघू. ही दरी यूट लोकांची होती. १८६८ च्या करारानं त्यांना इथून पश्चिमेकडं सरकवलं, मग पट्टे पडले, मग कुंपणं आली. मी आज कुणाची जमीन परत मागत नाही. पण जो कागद दीडशे वर्षांपूर्वी एका समाजाला उठवून तयार झाला, तो ब्रह्मदेवानं लिहिल्यासारखा वाचू नका. कायदा माणसांनी केला. माणसांना बदलता येतो.

तिसरा मुद्दा सगळ्यात जड, आणि तो फक्त आपणच मांडू शकतो. गाडीत दादा म्हणाले, ‘‘पुण्याची मुठा बघ. ती सगळ्यांची आहे ना? काय झालं तिचं? जे सगळ्यांचं ते कुणाचंच नाही. इथं मालक आहे म्हणून पाणी स्वच्छ आहे.’’

मी गप्प बसलो. मुठेकाठी चार वर्षं काढलेला माणूस यावर पटकन काय बोलणार? उत्तर सुचायला आठवडा लागला. ते असं.

दादा, मुठा लोक पाण्यात उतरले म्हणून मेली नाही. तिच्यात शहराचं सांडपाणी सोडलं गेलं, आणि सोडणारे त्या पाण्यात उभे नव्हते. लोकांचे पाय पाण्यातून निघाले, घाटांकडं पाठ फिरली, नदीपात्र म्हणजे गाड्या लावायची जागा झाली. मग पाण्याला वास येतोय हे सांगणारं कुणी उरलं नाही. नदी सगळ्यांची होती म्हणता, पण तिच्यात उतरणारं कुणीच नव्हतं.

आणि आपल्या या स्वच्छ पट्ट्याचं काय? लेडव्हिलच्या खाणींतून शंभर वर्षं जड धातू याच आर्कन्सॉत उतरत होते. १९८३ साली तिथला कॅलिफोर्निया गल्चचा परिसर केंद्र सरकारच्या सुपरफंड यादीत गेला, म्हणजे देशातल्या सर्वांत विषारी जागांच्या यादीत. पुढची कित्येक वर्षं ती घाण काढण्यात गेली, सरकारी पैशानं आणि खाण कंपन्यांशी झालेल्या तडजोडींच्या पैशानं. २०१४ साली या नदीचा १०२ मैलांचा पट्टा राज्यानं ‘गोल्ड मेडल’ म्हणून जाहीर केला, म्हणजे ट्राउटसाठी अव्वल दर्जाचं पाणी. आपल्या पट्ट्यातले मासे मोठे आहेत, त्यात क्लबच्या गेटचा वाटा थोडा. मोठा वाटा आहे ज्यांना गेटबाहेर उभं केलंय त्यांच्या करांचा.

इतकंच कशाला, रनऑफमध्ये चढणारं सगळं पाणी या खोऱ्यातलंही नसतं. १९६२ साली मंजूर झालेल्या फ्रायिंगपॅन-आर्कन्सॉ प्रकल्पातून डोंगराच्या पलीकडल्या उतारावरचं बर्फाचं पाणी बोगद्यानं इकडं आणतात. सरकारनं डोंगर पोखरून आणलेलं पाणी कुंपणाजवळ पोचेपर्यंत सार्वजनिक असतं. कुंपणापासून पुढं त्याच्या तळाला हात लावायचा नाही.

चौथा मुद्दा दादांनी मांडला नाही, पण आमच्या पाचही जणांच्या मनात होता. आपण इथं कष्टानं आलो. आता थोडी शांतता विकत घेतली तर बिघडलं काय? बिघडलं असं की शांतता विकत मिळते तेव्हा ती दुसऱ्याच्या वाट्याची असते. त्या दिवशी माझ्या वाट्याला आलेली शांतता त्या मुलीच्या पायाखालून काढलेली होती.

मराठी माणसानं तरी

मी मराठी शाळेत शिकलो. महाडचं चवदार तळं माझ्यापर्यंत पाठ्यपुस्तकातून आलं, घरातल्या अनुभवातून नाही, हे आधीच सांगतो. महाडला जे पणाला लागलं होतं त्याच्या शेजारी ट्राउटचा छंद ठेवायची माझी लायकी नाही. तिथं प्रश्न माणूसपणाचा होता, इथं शनिवारच्या मजेचा आहे. ही बरोबरी मी करत नाही.

पण एक गोष्ट विसरता येत नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतलं त्याआधीच नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं केलेलं होतं, कागदावर. आणि विरोधक कोर्टात गेले ते तळं सार्वजनिक नाही, असा दावा घेऊन. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागेपर्यंत दहा वर्षं गेली. पाणी अडवायचं असतं तेव्हा पाण्याबद्दल कुणी बोलत नाही. तळाबद्दल बोलतात, काठाबद्दल बोलतात, मालकीच्या कागदाबद्दल बोलतात. हे ज्या भाषेत घडलं त्या भाषेत वाढलेल्या माणसानं नदीकाठी उभं राहून ‘पाय टेकवू नका’ म्हणताना निदान जीभ अडखळायला हवी होती. माझी अडखळली नाही.

मजा बघा, या बाबतीत कागदावर आपण कोलोरॅडोच्या पुढं आहोत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा. त्याच्या कलम २० नुसार, कुणाची कायदेशीर मालकी सिद्ध नसेल तर नद्या, ओढे, नाले, तळी यांचे तळ राज्य सरकारचे आहेत. डिसेंबर १९९६ मध्ये, हिमाचलातल्या बियास नदीचा प्रवाह एका हॉटेलसाठी वळवल्याच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नद्या सरकारकडं लोकांच्या वतीनं विश्वस्त म्हणून आहेत. त्या बियास खोऱ्यातही ट्राउट आहेत, ब्रिटिशांनी आणून सोडलेले. आणि न्यायालयानं त्या निकालात आधार घेतला तो अमेरिकी खटल्यांचा! अमेरिकेनं जगाला शिकवलेलं तत्त्व आम्ही बियासला लावलं, आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडोत माझ्यासारखा एक भारतीय त्याच तत्त्वाच्या उलट पहारा देत उभा होता.

पण कागदावर पुढं असून भागत नाही. मुळशी, कर्जत, भोर, कुठल्याही रस्त्यानं जा. ‘रिव्हर टच प्लॉट’ अशा पाट्या दिसतील. टच कुणाचा? ज्यानं प्लॉट घेतला त्याचा. नदीचा तळ सरकारचा असेल, पण तळापर्यंत जाणारी पायवाट गेटच्या आत गेली की गावातल्या पोराला तो तळ कोलोरॅडोइतकाच लांब. हा लेख फोनवर वाचणाऱ्यांपैकी काही जण दोन-चार वर्षांत असा प्लॉट बघायला जाणार आहेत. एजंट ‘एकदम प्रायव्हेट’ म्हणेल तेव्हा त्याला एवढंच विचारा, की गावातली माणसं आधी पाण्यावर कुठून जायची? वाट अजून आहे का?

यंदा

मी माझा वाटा परत केला. पैसे परत मिळाले नाहीत, करारात तसंच होतं. दादा रागावले नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. ‘‘तू भावनिक होतोयस,’’ एवढंच म्हणाले. तेव्हापासून ते मला मासे धरायला बोलावत नाहीत. त्यांनी दिलेला रॉड परत करू का विचारलं, तर म्हणाले, ठेव.

मला इथं मत देता येत नाही. पण पत्र लिहायला मतदार असावं लागत नाही. माझ्या भागाच्या राज्य प्रतिनिधीला मी दोन पत्रं पाठवली आहेत: मोंटानासारखा कायदा आणा, आणि निदान आर्कन्सॉचा तळ कुणाचा हे राज्यानं स्वतः कोर्टात जाऊन एकदा ठरवून घ्यावं. पहिल्या पत्राला छापील उत्तर आलं. दुसऱ्याला अजून नाही.

यंदाही आलेखाला दात फुटलेत. गेल्या शनिवारी मी सलायडाच्या खाली, सार्वजनिक पट्ट्यावर होतो. माझ्या वर एक, खाली दोन, समोरच्या काठाला एक कुटुंब. पाणी हिरवं सोडून तपकिरीकडं झुकलेलं. कॅडिस आले नव्हते. काठाच्या संथ पट्टीत एक वीतभर ब्राउन ट्राउट लागला. तो सोडेपर्यंत वरच्या म्हाताऱ्यानं स्वतःची चांगली जागा दाखवून मला वर यायची खूण केली. मी गेलो. आम्ही दोघं दोन तास त्या दगडामागं आलटून पालटून दोरी टाकत होतो आणि फार बोललो नाही.

मंडळाची जूनची सहल यंदा क्लबच्या पट्ट्यावर न्यायचं घाटतंय. दादांनी जागा फुकट देऊ केलीय, शंभरेक माणसं येतील, पोरं पाण्यात खेळतील. पुढच्या बैठकीत मी विरोध करणार आहे. एकटा पडेन बहुतेक. आपली शंभर पोरं त्या पाण्यात खेळत असताना वरून एखादी बोट आली आणि तिच्यातल्या पोरीनं पाय खाली टाकला, तर काठावरून हात वर करायला कोण उभं राहणार, एवढंच मी विचारणार आहे. मला नाव हवंय.